आडवी फांदी

दादा मला ‘चौकशी खिडकी’ म्हणतो. लहानपणापासून. एसटी स्टँडवर असते ना, ती. फरक एवढाच की तिथं लोक प्रश्न घेऊन जातात, आणि माझ्या खिडकीतून नुसते प्रश्नच बाहेर पडतात. उसाला तुरा का येतो, विहिरीचं पाणी थंडीत कोमट का लागतं, म्हैस पाण्यात बसते आणि गाय का बसत नाही. कुंडलच्या आमच्या घरात उत्तर द्यायला कुणाला सवड नव्हती. वडील म्हणायचे, बाई, तू आधी वैरण टाक. पुढं मी विज्ञानाची शिक्षिका झाले, लग्न होऊन कोरेगावला आले आणि जे घरी शिव्या खाऊन करत होते त्याचा मला पगार मिळायला लागला.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. बावीस वर्षं फौजेत काढून तो गावी परतला आणि ऊस बघायला लागला. अंगानं अजून ताठ. कुणी वयाचा विषय काढला की तो जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढतो. मी मात्र पंचेचाळिशी उलटल्यावर डोंगर चढायला लागले. शाळेतल्या आम्ही चौघी-पाचजणी रविवारी निघतो. कुठला किल्ला, कुठलं पठार, कुठली खिंड. दोन वर्षांत मी त्यातही शिक्षिका झाले. मोबाइलमध्ये यादी करून ठेवली: शिट्टी, टॉर्च, दोरी, जादा पाणी, सुकं खाणं, घरी सांगून निघणे, एकट्याने वाट न सोडणे. यादी वाचून दादा पोट धरून हसला होता.

“डोंगराला निघालीयस का दहावीच्या पेपरला?”

दोन वर्षांपूर्वीची भाऊबीज. दादा ओवाळून घ्यायला कोरेगावला आला. वहिनी आली नव्हती. तिचा भाऊ कुंडलला यायचा होता. दादाच्या ताटात मी करंज्या वाढल्या. त्यानं एक मोडली, अर्धी खाल्ली, अर्धी तशीच ठेवली. मी विचारलं, का रे, खोबरं खवट लागलं का? तो म्हणाला, फौजेत गोडाची सवय मोडली. बावीस वर्षांपैकी निम्मी वर्षं सुट्टीत येऊन या माणसानं माझ्या हातच्या करंज्या डब्यानं नेल्या होत्या. पण म्हटलं असेल, वय झालं की जीभ बदलते.

दुसऱ्या दिवशी माझ्या मैत्रिणी सगळ्या माहेरी. मला कोयनेच्या बाजूचं एक पठार बघायचं होतं. तिथं पाऊस सरल्यावर गवत कंबरेएवढं वाढतं आणि दिवाळीत ते सोनेरी होतं, असं ऐकलं होतं. दादा म्हणाला, चल, मी येतो, तुझी परीक्षा बघतो. पहाटे उठलो. तो न्हाणीत गेला तो आपली पिशवी घेऊन. मी बाहेरून विचारलं, “पिशवी कशाला न्हाणीत?” आतून आवाज आला, “खिडकी बंद कर.”

मी धपाटे करून डब्यात भरले होते. दादा म्हणाला, दोन घास खाऊन निघू. मीच घाई केली. म्हटलं, आत्ता चहा घे, वर जाऊन निवांत खाऊ, उन्हं चढली की गवताचा रंग जातो. त्यानं चहाबरोबर एक चकली खाल्ली, एकदा डब्याकडं बघितलं आणि गाडीत बसला. हे सगळं मला नंतर आठवलं, एकेक करून.

सातारा मागं टाकून पाटणच्या अंगाला वर चढलो. डांबरी रस्ता जिथं संपतो तिथं धनगरवाडा आहे. सहा घरं, म्हशी, कुडाला टेकवलेले कारवीचे भारे. इथले धनगर आमच्या पूर्वेकडच्या मेंढरं घेऊन फिरणाऱ्यांसारखे नाहीत. हे म्हशी पाळतात आणि डोंगर सोडत नाहीत. पहिल्याच घरातून एक म्हातारी बाहेर आली. सत्तरीची असेल. काटक, नाकात चमकी, हातात ताकाचा तांब्या. गाडीचा आवाज ऐकून तिनं तो आधीच भरून ठेवला होता.

“कुटं निघालायसा?” तिनं विचारलं.

दादाच्या कपाळाला आठी पडली. आमच्याकडं निघालेल्या माणसाला ‘कुठं’ म्हणून टोकत नाहीत. काम होत नाही म्हणतात. फारच कळायला हवं असेल तर ‘लांब का?’ विचारायचं. लहानपणी मी यावरून किती वेळा मार खाल्लाय त्याला गणती नाही. दाराशी चपला घालणाऱ्या प्रत्येकाला माझा पहिला प्रश्न तोच असायचा.

“मावशी, निघताना कुटं म्हनून इचारू न्हाई,” दादा म्हणाला.

“तुमच्यात नसंल इचारत. आमच्यात इचारल्याबिगर ताक देत न्हाईत.”

मला ती बाई तिथल्या तिथं आवडली. पण दादा पडला फौजी. तो म्हणाला, “हितंच. जरा पाय मोकळं करून येतो.” वर किती वाटा आहेत आणि आम्ही कुठली धरणार, हे त्यानंही सांगितलं नाही आणि मीही सांगितलं नाही. माझ्या यादीत सहाव्या नंबरला लिहिलेलं होतं: सांगून निघणे. तेवढं मी एक बोलले, की दोन तासांत येतो, येताना परत ताक घेऊनच जाऊ. ते आपलं बोलायचं म्हणून बोलले. निरोप घेताना आपण म्हणतोच तसं.

वर गवत खरंच तसं होतं. वारा आला की पठार एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत हलायचं. दादा पुढं, मी मागं. पाठीवरच्या पिशवीला तो ‘पिट्टू’ म्हणतो. डबा, पाणी, माझी शिट्टी, टॉर्च, सगळं त्याच्याच पिट्टूत. मला ओझं नको म्हणून त्यानं हट्टानं घेतलं. मी रिकाम्या हातानं गवताच्या काड्या तोडून बघत चालले होते. एकाच गवताला दोन रंगांची कुसळं कशी, हा त्या वेळचा माझा प्रश्न होता.

तासाभरानं वाट फुटली. उजवीकडची चढून खिंडीकडं जात होती, मळलेली, स्वच्छ. डावीकडची डोंगराच्या पोटातून सपाट जात होती. तिच्या तोंडाशी करवंदीची एक काटेरी फांदी आडवी पडली होती. दादा म्हणाला, चढण कशाला, ही आडवी धरू, फिरून तिथंच निघंल. त्यानं काठीनं फांदी उचलून धरली, मला आत घेतलं आणि पुढं गेला. फांदी माझ्या हातात आली.

आता आमच्याकडं बांधाबांधातून जायला खिंडारं असतात आणि त्यांना बोरीच्या काट्या लावलेल्या असतात. बोराटी म्हणतो आम्ही. दुसऱ्याच्या रानातून जायला कुणाची ना नसते. पण बोराटी उचलायची, आत जायचं आणि मागं वळून होती तशी लावायची. सातवीत असताना मी एकदा ती उघडी टाकली आणि कुणाच्या तरी म्हशीनं शेजाऱ्याचा हरभरा खाल्ला. वडिलांनी मला शेजाऱ्याच्या दारात उभं करून माफी मागायला लावली. त्या दिवसापासून माझ्या हातून बोराटी उघडी राहिलेली नाही. तशीच ही फांदी मी उचलून परत आडवी ठेवली, काटे बाहेर येतील असं बघितलं, हात झटकले आणि दादाच्या मागं निघाले.

दिवसातून शंभर प्रश्न विचारणारी मी. ज्या डोंगरात ना शेत, ना बांध, ना पीक, तिथं ही फांदी कुणी टाकली आणि कुणाला अडवायला, हा एक प्रश्न मला पडला नाही.

अर्धा तास वाट चांगली होती. मग गवत दाट झालं आणि वाट त्याच्या खाली गेली. दादा काठीनं गवत बाजूला करत चालला होता. मी म्हटलं, थांब जरा, इथं वाट दिसत नाही. तो म्हणाला, पायाला लागतीय की. पुढचं पाऊल टाकलं आणि तो दिसेनासा झाला.

पावसाळ्यात तिथला डोंगराचा तुकडाच खाली आला होता. काठावरचं गवत तेवढं वाढून पुढं झुकलं होतं आणि त्याच्या खाली नुसती पोकळी होती. दादा दोन-अडीच पुरुष खोल घळीत घसरत गेला होता. पिट्टू पाठीवरून सुटला आणि आणखी खाली, झाडीत, आदळत आदळत गेला. त्याचा आवाज थांबेपर्यंत मी श्वास घेतला नाही.

“काय न्हाई,” खालून दादा ओरडला. “मुरगाळलाय.”

पडलो तरी नाक वर, तो हा. मी कारवीच्या काड्या धरून, बसून, घसरत खाली गेले. पाऊल घोट्यातून नको त्या बाजूला वळलं होतं. मोबाइलला रेंज नव्हती. वर चढायला दरड भुसभुशीत. मी दोनदा अर्ध्यापर्यंत गेले आणि दोन्ही वेळा मातीसकट परत आले. ओरडून बघितलं. घळीतून आवाज वर जातच नव्हता, भिंतीला लागून आमच्याकडंच येत होता.

तरीही मी तोवर घाबरले नव्हते. पाय मोडलाय, जीवाला धोका नाही, कुणीतरी येईल. मग दादाला घाम फुटला. सावलीत, गार वाऱ्यात शर्ट भिजला. हात थरथरायला लागले. दुखण्यानं होत असेल म्हणून मी घाम पुसायला गेले तर तो माझ्यावर खेकसला. दादा माझ्यावर कधी खेकसत नाही. चेष्टा करतो, खेकसत नाही.

“दादा, काय होतंय?”

त्यानं घळीच्या तळाकडं बघितलं. मग म्हणाला, “डबा कुटं पडला बघ.”

“डबा खाली गेला. दिसत नाही. आत्ता भूक लागली तुला?”

“सकाळी सुई घेतलीय.”

“कसली सुई?”

त्यानं मान दुसरीकडं वळवली. “शुगरची. दोन वर्सं झाली. सुई घेतल्यावर खायाला पायजे.”

मला आधी राग आला. भीती नंतर वाटली. दोन वर्षं! सख्खी बहीण विज्ञान शिकवते, नववीच्या वर्गात फळ्यावर स्वादुपिंडाची आकृती काढते, आणि हा तिच्याच न्हाणीत दार लावून सुई टोचून घेतो. आणि सकाळी तो दोन घास मागत होता तेव्हा गवताचा रंग जाईल म्हणून मी त्याला उपाशी गाडीत बसवलं. मी त्याला बोलणार होते, पुष्कळ बोलणार होते. पण त्याचा चेहरा बघितला आणि बोलणं राहिलं. साखर उतरत गेली की माणूस आधी चिडतो, मग बरळतो, मग झोपतो, आणि त्या झोपेतून उठेलच असं नाही. हे मी स्वतः मुलांना सांगितलेलं आहे.

खडूच्या धुळीनं माझा घसा बसतो, म्हणून कुर्त्याच्या खिशात खोकल्याच्या गोळ्या असतात. त्या दिवशी दोन होत्या. दोन्ही त्याच्या तोंडात घातल्या. चघळ म्हटलं, गिळू नको. त्यानं ऐकलं. थोड्या वेळानं थरथर जरा कमी झाली आणि त्यानं माझा हात धरला.

“तुझ्या वैनीला सांगायचं न्हाई.”

“का?”

“ती आधीच घरात साऱ्यांचं करती. तिला वाटलं पायजे का, मीबी आता दुखनाईत झालो म्हनून? न्हाई सांगायचं. बोल.”

“नाही सांगत,” मी म्हणाले. त्या वेळी त्यानं चंद्र मागितला असता तरी मी हो म्हणाले असते.

गोळ्यांचं बळ ते किती टिकणार. पाऊण तासानं पुन्हा घाम सुटला. आणि तेव्हाच वरून, लांबून, हाळी ऐकू आली. दोन माणसांची. “होऽऽ पावनंऽऽ.” मला वाटलं, सुटलो. मी जीव तोडून ओरडले. हाळी पुन्हा आली, पण आता आणखी उजवीकडून, वरून. मग खिंडीच्या पलीकडून, अगदी बारीक. मग नाही. माणसं शोधायला आली होती आणि आमच्या वाटेच्या तोंडावरून पुढं निघून गेली होती. का, ते मला कळेना. ती घडी मी आयुष्यात विसरणार नाही. दादानं डोळे मिटले होते आणि तो कुठल्यातरी तुकडीला खाली बसायला सांगत होता.

मी त्याला बोलतं ठेवायला लागले. तेच एक मला येतं, प्रश्न विचारणं. पहिली नेमणूक कुठं होती? तिथं बर्फ होता का? बर्फात पाणी कसं प्यायचात? तुमच्या मेसमध्ये डाळ कुणी करायचं? पहिल्या चारांना उत्तरं आली. पाचव्याला अर्धं आलं. सहाव्याला तो “खिडकी” म्हणाला आणि पुढं काही बोलला नाही. मी त्याच्या गालावर मारत राहिले, रडत राहिले आणि विचारत राहिले.

“पोरी, हालू नगंस. दरड सुटतीया.”

वर, झुकलेल्या गवताच्या कडेला, काठीचं टोक दिसलं. मग धनगरवाड्यावरची मावशी दिसली. ती आमच्यासारखी वरून सरळ उतरली नाही. बाजूला कुठूनतरी वळसा घालून, दगडादगडांवर पाय देत, दोन मिनिटांत खाली पोचली.

“मानूस जित्तं हाय न्हवं?”

“साखर कमी झालीय त्याची,” मी म्हणाले. “काहीतरी गोड हवंय.”

तिनं पदराची गाठ सोडली. आत गुळाचा खडा होता. रानात चुकलेल्या माणसाला नुसतं पाणी देऊ नये, आधी गूळ द्यावा, ही तिच्याकडची रीत. साखर आणि सुई यातलं तिला काही ठाऊक नव्हतं. मी गूळ कुस्करून दादाच्या गालाच्या आत चोळला, थोडा थोडा. बराच वेळ काही झालं नाही. मग त्याची जीभ हलली. मग त्यानं डोळे उघडले, मावशीकडं बघितलं आणि म्हणाला, “ताक ऱ्हायलं.” मावशी हसली. मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडले.

तिनं वर जाऊन हाळी दिली. कुठं उभं राहून दिली म्हणजे आवाज खिंडीपार जातो हे तिला माहीत होतं. तिचा मुलगा आणि त्याचे भाऊबंद उलट फिरून आले. घोंगड्याची झोळी करून चौघांनी दादाला उचललं. त्या वाटेवरून परत येताना माझं डोकं चालू झालं. मी मावशीला विचारलं, मघा हे लोक इथूनच गेले, मग आत का नाही आले?

“फांदी जाग्याव व्हती की. लांबनंच बघून त्यास्नी वाटलं, हिकडं कोन गेलेलं न्हाई.”

वाट फुटते तिथं आम्ही पोचलो होतो. फांदी बाजूला पडलेली होती, मावशीनंच काढलेली. ती थांबली, फांदी उचलली आणि पुन्हा वाटेवर आडवी टाकली. टाकताना बुंध्याची बाजू खिंडीच्या वाटेकडं केली आणि शेंडा दरडीकडं.

“ही आमची खून. बुंधा जिकडं, तिकडं जायाचं. शेंडा जिकडं, तिकडं जायाचं न्हाई. दरड आली तवा मी माज्या हातानं टाकलीया. तुमी दोन तासांत येतो म्हनला व्हता. ताक ठिवलं व्हतं, आलाच न्हाई, म्हनून पोरांस्नी धाडलं. पोरं बी येईनात, तवा मीच आले. बघते तर बुंधा दरडीकडं. म्हनलं, हे आपल्या हातचं न्हवं. कुनीतरी उचलून परत ठिवलीया.”

“मी ठेवली,” मी म्हणाले. “आमच्याकडं तशी रीत आहे. होती तशी लावायची.”

तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, नवलानं. “तशीच टाकून गेली असतीस, तर पोरं तवाच आली असती गं बाई.”

हरभऱ्याची गोष्ट सांगून तरी काय उपयोग. मी फांदीकडं बघत उभी राहिले. मग न राहवून विचारलं, आणि वाट पुन्हा चालू झाली की? तर फांदी नुसती काढत नाहीत म्हणे. वाटेच्या कडेला उभी रोवतात, म्हणजे मागून येणाऱ्याला कळतं की वाट बघून झालेली आहे. आणि फांदी वाळली की नवी टाकतात, कारण वाळलेल्या खुणेवर माणूस विश्वास ठेवत नाही. झोळी पुढं गेली होती. माझा भाऊ त्या झोळीत होता आणि मी फांद्यांची चौकशी करत होते. जित्याची खोड, दुसरं काय.

कराडच्या दवाखान्यात पायाला प्लास्टर झालं, सलाइन लागलं. वहिनी आली. तिला सांगितलं, डोंगरात पाय घसरला. ती दादाच्या उशाशी बसली, प्लास्टरवर हात ठेवला आणि फार काही विचारलं नाही. ती तशी मितभाषीच आहे. औषधांच्या कागदाचं काय करायचं म्हणून मी घाबरले होते, पण तिनं तो मागितलाही नाही. चौथ्या दिवशी ती कपडे आणायला कुंडलला निघाली तेव्हा दादानं डोळ्यांनी मला जवळ बोलावलं.

“तूबी जा. विहिरीवर मोटारीची खोली हाय न्हवं, तिच्या कोपऱ्यात एक मडकं हाय. त्यात माजं सुईचं सामान हाय. आता मोटार चालू कराया दुसरंच कोनतरी जाईल. काढून आन.”

म्हणजे तिथं. घरात फ्रिज असताना या माणसानं दोन उन्हाळे औषध विहिरीवरच्या मडक्यात गार ठेवलं होतं. रोज सकाळी तो मोटार चालू करायला जायचा तो खरा यासाठी. मला हसू आलं.

सकाळी कुंडलला पोचल्या पोचल्या वहिनी रानाकडं एक फेरी मारून आली. दुपारी ती घरात कपड्यांच्या घड्या घालत होती. मी उसाला पाणी किती झालंय बघून येते, असं काहीतरी सांगून बांधानं निघाले. खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत मोटारीचा वास, स्टार्टरची पेटी, जुनी पोती. कोपऱ्यात एक फुटका हौद, त्यात वाळू, वाळूत गळ्यापर्यंत पुरलेलं मडकं आणि मडक्यावर फडकं. फडकं उचललं. आत प्लास्टिकच्या डबीत इन्सुलिनची दोन पेनं आणि सुयांचं पाकीट, नीट. मी डबी बाहेर काढली तर हाताला गारवा लागला. चांगला गारवा.

मडकं गार राहतं ते बाहेरच्या वाळूतलं पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं म्हणून. हे मी दरवर्षी शिकवते. पण त्यासाठी वाळू ओली लागते. मी वाळू चिमटीत धरली. ओली होती. फडकंही ओलं होतं. दादा घरातून निघाल्याला पाचवा दिवस होता. आणि दाराच्या फटीतून येणारं ऊन थेट त्या हौदावर पडत होतं.

ओल आली कुठून, हा प्रश्न मला पडला आणि तेवढ्यात दार उघडलं. वहिनी होती. हातात पाण्याचा तांब्या. मला बघून ती क्षणभर थबकली. मग आत आली.

“सरका जरा, वन्सं,” ती म्हणाली आणि मडक्याच्या भोवतीनं वाळूवर पाणी सोडलं, सावकाश, सगळीकडं सारखं. उरलेल्या पाण्यात फडकं बुडवून पिळलं.

“वहिनी, कधीपासून?”

“गेल्या उन्हाळ्याच्या आदल्या उन्हाळ्यापासनं. मोटारीच्या खोलीत मडकं कशाला, म्हनून बघाया आले व्हते.” तिनं फडकं मडक्यावर पसरलं. “ते सकाळी एकदा पानी घालत्यात. ह्या उनात ते दुपारपातूर ऱ्हातंय व्हय? औषद नासलं तर काय करायचं? त्यास्नी वाटतंय, मडकं आपलं आपन गार ऱ्हातंय.”

“मग बोलत का नाही त्याच्याशी? मी शब्द दिलाय त्याला की तुम्हाला सांगणार नाही. आणि तुम्ही तर...”

“तुमीबी बोलू नगासा,” वहिनी म्हणाली. “बोलले तर ते जागा बदलतील. नवी जागा मला न्हाई घावली, तर मी पानी कशाव वतू?”

फडक्याची एक बाजू उचलून मी डबी परत मडक्यात ठेवली, होती तशी.